जुन्या ब्रेकची तक्रार



माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे कारखान्यांच्या दारांत झाले. तेथे एक धडा मिळाला : तक्रार आली की आधी कारण शोधावे, दोष मागाहून द्यावा. तोच धडा मला एका ब्रेकने पुन्हा दिला.

फ्रान्समधील क्लेर्मों-फेरां येथील माफाक कारखान्याने १९५२ साली शर्यतीच्या सायकलींसाठी 'रेसर' हा ब्रेक काढला. त्याचे दोन हात दोन निराळ्या बोल्टांवर फिरतात आणि मधोमध वर ओढली जाणारी वायर दोघांनाही सारखेच खेचते. आमच्या युनियनमधील एका फिटरकडे असा ब्रेक असलेली सायकल आहे. एकदा उतारावर तो ब्रेक किंचाळला, पण सायकल थांबली नाही. फिटरचा मुलगा कुंपणावर आदळला, हात मोडला. सारे म्हणाले, "जुना माल, भंगारात घाल."

फिटरने आधी तपासले. रबरे दगडासारखी कडक झाली होती, वायर गंजली होती. त्याने ती बदलली. या ब्रेकमध्ये रबर हवे तसे वळवता येते. त्याचे पुढचे टोक रिमला किंचित आधी टेकेल असे बसवले. किंचाळणे थांबले. आता दोन बोटांच्या दाबाने सायकल थांबते. पावसात पोलादी रिमवर ब्रेक कमी लागतो, हे खरे. पण तो दोष त्याच्या वयाचा नव्हे.

पन्नाशी उलटलेल्या कामगारालाही असेच मोडीत काढतात. मित्रहो, त्याआधी त्याच्या हाती कोणती हत्यारे दिली होती, तेवढे पाहा.