एका स्वल्पविरामाची किंमत

बारामतीत राहून मोरोपंतांनी (१७२९–१७९४) हजारो आर्या रचल्या. त्या काळच्या पोथ्यांत विरामासाठी दंड तेवढा असे. मोडीत तर शब्दही जोडूनच लिहीत. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह मराठीत रुजवली ती मेजर कँडी यांनी, एकोणिसाव्या शतकात, इंग्रजीवरून.

आता मोबाइलवर इंग्रजी असो वा मराठी, हीच चिन्हे गळत चालली आहेत.

समजा, नीरा डाव्या कालव्यावरच्या इंदापूरच्या शेतकऱ्याने शेजाऱ्याला लिहिले, ‘पाणी सोडू नका थांबू’. ‘नका’च्या आधी स्वल्पविराम दिला तर पाणी सुटणार, नंतर दिला तर अडणार! उभ्या उसाला हा फरक लहान नाही. श्रोतेहो, संदेश पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचा आणि जिथे थांबाल, तिथे चिन्ह द्या.