टँकरच्या पाठीवरचे चार अंक

बोरघाट चढणाऱ्या टँकरच्या पाठीवरची पाटी कधी वाचली आहे? तिच्यावर चार अंक असतात. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०१७ म्हणजे क्लोरीन. संयुक्त राष्ट्रांच्या यादीतले हे क्रमांक जगभर सारखेच, त्यामुळे ड्रायव्हर बेशुद्ध असला तरी आत काय आहे ते अग्निशमन दलाच्या जवानांना कळतं.

शेजारच्या चौकोनात धोक्याचा वर्ग असतो. असे एकूण नऊ वर्ग आहेत. पहिला स्फोटकांचा, तिसरा ज्वलनशील द्रवांचा. चौथ्यात कॅल्शियम कार्बाइड येतं, आणि ते फार फसवं. त्यावर पाणी पडलं की ॲसिटिलीन हा पेट घेणारा वायू सुटतो. म्हणजे विझवायला धावलेल्या माणसाच्याच हातून आग भडकायची! पेट्रोलवरही पाण्याचा फवारा मारू नये. ते पाण्यावर तरंगत आग पसरवतं, तिथे फेसच हवा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार ही माहिती गाडीवर लावणं सक्तीचं आहे. टँकर उलटलेला दिसला तर जवळ जाऊ नका, सांडलेलं भरून घ्यायला तर मुळीच नको. वारा तुमच्याकडून टँकरकडे वाहत असेल अशा बाजूला, लांब थांबा. ११२ वर फोन करा आणि लांबूनच दिसत असतील तर ते चार अंक सांगा.