शांतारामांची शाळा



आंबा घाटापलीकडील कोल्हापुरात १९०१ साली जैन पित्याच्या घरी जन्मलेले शांताराम वणकुद्रे, म्हणजेच व्ही. शांताराम, विद्यार्थिदशेत होते, तेव्हा चित्रपटकला शिकविणारी एकही संस्था देशात नव्हती. शालेय शिक्षणही अर्धवटच राहिले. हुबळीस रेल्वेच्या कारखान्यात काम आणि चित्रपटगृहाच्या दारावरची नोकरी, ही त्यांची पहिली इयत्ता.

१९२० च्या सुमारास ते कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाले. तेथील कॅमेराही पेंटरांनी स्वतः घडविलेला! पडेल ते काम करीत त्यांनी ही विद्या हस्तगत केली. आज रत्नागिरीतील विद्यार्थ्याच्या हाती आयता कॅमेरा आहे. उमेदवारीची ती वर्षे मात्र नाहीत.

१९२५ च्या ‘सावकारी पाश’ या मूकपटात, सावकारामुळे जमीन गमावून शहरातील गिरणीची वाट धरणारा तरुण शेतकरी शांतारामांनी रंगविला. व्यापारउदिमात रमलेल्या समाजाने हा मूकपट आवर्जून आठवावा.

पुढे १९२९ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी ‘प्रभात’ स्थापिली. तिच्याच पुण्यातील वास्तूत १९६० साली शासनाची चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली.