ख्रिस्ती माणसाचे मृत्युपत्र



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले, तेव्हा आम्ही बोनसवर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा होती. तीस वर्षे आम्ही तेच बोलत आलो आहोत. आज मात्र विषय निराळा घेतला आहे. माणसाच्या मागे जे राहते, त्याची व्यवस्था ख्रिस्ती माणसाने कशी लावावी? आम्ही वकील नाही, पाळकही नाही. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील कायद्याच्या पुस्तकांनी आणि घरातल्या पवित्र शास्त्राने केले. समोर हिंदू मंडळी पुष्कळ आहेत. पण घरोघरी मातीच्याच चुली. तेव्हा आमच्या घरातला धूर तुमच्याही डोळ्यांत जाईल, याची आम्हांस खात्री आहे.

प्रथम आमचा गुन्हा सांगतो. वडील सूतगिरणीत होते. २००९ साली ते वारले. आई आधीच गेली होती. मागे दोन खोल्यांचे घर, गावाकडची दीड एकर जिरायत जमीन आणि आम्ही तीन भावंडे, दोघे भाऊ व एक बहीण. मृत्युपत्र नव्हते. मरणाचा कागद जिवंतपणी केला तर अपशकुन होतो, ही समजूत बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतली जात नाही. दोन महिने उलटल्यावर आम्ही हक्कसोडपत्र लिहवून घेतले आणि बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेले. तिने एवढेच विचारले, "दादा, सही कुठं करू?" आम्ही बोट ठेवले. तिने सही केली, अंगठा उठवला आणि सासरी परतताना आमच्या मुलांच्या हातावर खाऊचे पैसे ठेवून गेली.

न वाचता सही करू नका, हे वाक्य आम्ही गेटसभांतून किती वेळा बोललो असू, त्याची गणती नाही. 'सर्व हिशेब मिळाला, आता काही मागणे नाही' अशा कागदावर सही घेऊन मालक कामगाराला घरी धाडतो, तेव्हा घोषणा द्यायला आम्ही पुढे असतो. त्या दिवशी मात्र मालक आम्हीच होतो.

कायदा काय म्हणत होता? ख्रिस्ती मुलाला बापाच्या मिळकतीत जन्माने हक्क येत नाही. बाप हयात आहे तोवर तो धनी. मृत्युपत्र करून हवे त्याला द्यावयास मोकळा. मृत्युपत्र न करता तो गेला, तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा वाटणी करतो. विधवेला एकतृतीयांश, मुलांना दोनतृतीयांश, आणि मुलात व मुलीत भेद नाही. विधवा नसेल, तर सगळे मुलांत समान. हे तत्त्व १८६५ च्या कायद्यापासून चालत आलेले आहे. वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू मुलीला मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क देशभर मिळाला तो २००५ साली. म्हणजे या बाबतीत कायद्याने आम्हांला दीडशे वर्षांपूर्वी पुढे नेऊन उभे केले, आणि सातबाऱ्यावरून बहिणीचे नाव कमी करून आम्ही आमच्या पायांनी मागे आलो.

हे केवळ आमच्या घरचे नाही. त्रावणकोर संस्थानात १९१६ चा ख्रिस्ती वारसा कायदा होता. त्यात मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांत जे कमी असेल ते. कोट्टयमच्या शिक्षिका मेरी रॉय या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८६ साली निकाल झाला की, १९२५ चा कायदा तेथेही १९५१ पासून लागू आहे. मुलींना समान वाटा मिळाला. त्यावर आनंदाचे गीत उठले काय? नाही. मुलींची नावे वगळणारी मृत्युपत्रे करा, असा सल्ला ठिकठिकाणी दिला गेला. पाहा, जे मृत्युपत्र न्यायाचे साधन व्हावे, तेच पळवाट झाले. गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासून निराळी रीत आहे. तेथे धर्म कोणताही असो, बापाला सर्वसाधारणपणे निम्म्याच मिळकतीची मोकळीक. उरलेल्या निम्म्यावर मुलामुलींचा हक्क राखलेला असतो. आम्हांवर तसले बंधन नाही. म्हणूनच येथे श्रद्धेची परीक्षा आहे. कायदा हात बांधत नाही, तेथे हात कसा चालतो?

शास्त्र काय सांगते? लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक मनुष्य येशूला विनवतो की, माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा. प्रभू वाटणीदार होण्याचे नाकारतो आणि लोभाविषयी बजावतो. मग कोठारे पाडून मोठी बांधणाऱ्या धनवानाची गोष्ट येते. त्याच रात्री त्याचा प्राण मागितला जातो आणि प्रश्न उरतो, साठविलेले आता कोणाचे? आमच्या मते मृत्युपत्र हे त्या प्रश्नाचे, तो विचारला जाण्याआधी लिहून ठेवलेले उत्तर आहे.

दुसरी गोष्ट गणनेच्या सत्ताविसाव्या अध्यायातली. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेपुढे येऊन उभ्या राहतात. आमच्या भाषेत हे शिष्टमंडळच. बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचे नाव का मिटावे, आम्हांला वतन द्या, ही त्यांची मागणी. मोशे ती देवापुढे ठेवतो, आणि मुलींचे म्हणणे रास्त आहे, असा निकाल मिळतो. हा हक्क भाऊ नसतानाचा होता, आणि पुढे कुळातच लग्न करण्याची अटही पडली, हे झाकून ठेवावयाचे नाही. पण मागणाऱ्या मुलीला देवाने लोभी म्हटले नाही, हे आम्ही भावांनी ध्यानात धरावे. लेवीय पुस्तकात तर जमीन मूळची देवाचीच म्हटली आहे. आपण तिच्यावर उपरे. तेव्हा मृत्युपत्र लिहिणारा मालक नव्हे, कारभारी. कारभाऱ्याने मर्जीप्रमाणे वाटू नये, हिशेबाने वाटावे.

सगळे मंडळीला देऊन टाकू, म्हणणारेही असतात. जवळचे नातलग असताना धर्मादाय देणगी द्यायची, तर मृत्यूपूर्वी किमान वर्षभर आधी मृत्युपत्र केलेले असावे, अशी आडकाठी कायद्यात होती. ती सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली काढली. पण मार्कच्या सातव्या अध्यायातला इशारा उरतोच. देवाला अर्पण केले, असे म्हणून आईबापांना उपाशी ठेवणाऱ्यांवर प्रभूने कोरडे ओढले आहेत.

आता व्यवहाराचे दोन शब्द. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साधा कागद चालतो. दोन साक्षीदार मात्र हवेत. ज्याला काही द्यावयाचे आहे त्याला किंवा त्याच्या नवराबायकोला साक्षीदार करू नका, नाही तर त्याची देणगी रद्द होते. ख्रिस्ती माणसाचे आधीचे मृत्युपत्र त्याच्या लग्नाने रद्द होते. विधुरांनी हे विसरू नये. आणि बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी पैसे उचलतो, पण तेवढ्याने मालक होत नाही. आमच्या वडिलांच्या कागदांवर तर वारल्यानंतर चार वर्षांनीही आईचेच नाव नॉमिनी म्हणून होते.

बहिणीचे पुढे काय झाले, हे तुमच्या मनात असेल. नोंदलेला कागद फाडून टाकता येत नाही. तिच्या वाट्यापैकी जो भाग आमच्याकडे आला होता, तो आम्ही बक्षीसपत्राने तिला परत केला. भाऊ अजून तयार नाही. त्याला येथून दोष देणार नाही. कागद लिहवून आणणारे आम्ही होतो. बक्षीसपत्र तिच्या हाती दिले, तेव्हा तिने ते या खेपेस सावकाश वाचले. मग म्हणाली, "दादा, तेव्हा नुसतं विचारलं असतंस, तर मी हसत दिलं असतं."

आमच्या तीस वर्षांच्या चळवळीत आमच्यावर इतका कडक ठपका कोणी ठेवला नव्हता. म्हणून हात जोडून विनंती आहे. मृत्युपत्र करा. करण्यापूर्वी मुलांना आणि मुलींना एकत्र बसवून विचारा, आणि केल्यावर त्यांना वाचून दाखवा. कोठारे कोणाची, हे आपण शुद्धीवर असताना ठरलेले बरे.