डिपॉझिट देण्याआधी दोन कागद मागा

अंधेरी असो की मुलुंड, भाड्याने घर बघताना आपण काय विचारतो? स्टेशन किती लांब, पाणी किती वाजता येतं, डिपॉझिट किती. मी म्हणेन, आधी दोन कागद मागा.

पहिला, स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल. इमारत 30 वर्षांहून जुनी असेल, तर मुंबई महापालिका कायद्याप्रमाणे नोंदणीकृत इंजिनियरकडून तिची तपासणी करावीच लागते. 25 जुलै 2017ला घाटकोपरची ‘सिद्धी साई’ इमारत कोसळली, 17 जीव गेले. तळमजल्यावर फेरबदलाचं काम चालू होतं. म्हणजे नुसता भिंतीचा रंग बघून भागत नाही. इमारत ‘सी-1’, म्हणजे अतिधोकादायक यादीत नाही ना, हे वॉर्ड ऑफिसात विचारा.

दुसरा, नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार. 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 सांगतं, ही नोंदणी घरमालकाची जबाबदारी. नुसत्या नोटरीवर भागत नाही. लेखी, नोंदणीकृत करार नसताना वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते खोटं ठरवायचं काम मालकाचं.

एजंट म्हणेल, “एवढं कोण बघतं?” सांगा, आम्ही बघतो. भेटू पुढच्या भागात!