भीतीचा कारखाना



'अंगावर काटा आणणारे जुने संगणकी खेळ' हा आजचा विषय छापून आल्यावर काही मित्रांनी आम्हाला हटकले, "अहो, तुम्ही मोर्चे काढणारी माणसे. पोरासोरांच्या या भुताखेतांशी तुमचा काय संबंध?" संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. कामगारांच्या चळवळीत ज्याने उमेदीची वर्षे घालवली, त्याला एवढे तरी कळतेच की उपाशी माणूस लढतो, परंतु भ्यालेला माणूस लढत नाही. तेव्हा भीती कशी तयार होते, हा आमच्या कामातलाच प्रश्न होय. आणि भीतीचे यंत्र उघडून त्याचे सुटे भाग पाहायचे असतील, तर या जुन्या खेळांइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

1990 नंतरच्या दहा वर्षांत आपल्याकडे तालुक्याच्या गावांतूनसुद्धा तासावर पैसे घेऊन टीव्हीवरचे खेळ खेळू देणारी दुकाने निघाली. कॅसेट खोचायची आणि दोघांनी मिळून 'कॉन्ट्रा' खेळायचा. त्याच्या शेवटच्या टप्प्यात एका अक्राळविक्राळ प्राण्याच्या पोटात शिरल्यासारखी जागा येते आणि समोर भले मोठे काळीज धडधडत असते. पुढे संगणकाचे क्लास निघाले. तेथे मास्तरांची पाठ वळली की 'डेंजरस डेव्ह' सुरू. 1991 सालच्या त्याच्या दुसऱ्या भागात भुतांनी भरलेला वाडा आहे. आज चाळिशीला आलेल्या कित्येकांना तो वाडा अजून आठवत असेल.

हे खेळ आज पाहिले तर हसू येते. ठोकळ्यांची माणसे, ठोकळ्यांची भुते! मग त्या वेळी छाती का धडधडत होती? आमचे उत्तर असे की, ती भीती यंत्राच्या श्रीमंतीतून आली नव्हती, ती त्याच्या गरिबीतून आली होती.

काही उदाहरणे पाहू. 1978 साली जपानच्या तायतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ तयार केला. आकाशातून पंचावन्न शत्रू ओळीने खाली सरकतात आणि खालून आपण त्यांना टिपायचे. यंत्र इतके मंद होते की सगळ्यांना हलवता हलवता त्याची दमछाक होई. जसजसे शत्रू कमी होत, तसतसे यंत्रावरचे ओझे हलके होई आणि उरलेले अधिकाधिक वेगाने धावून येत. निशिकादोंनी हा दोष काढून टाकला नाही, तसाच ठेवला. जोडीला चार सुरांचा ठोका, तोही वाढत जाणारा. शत्रू कमी होत असताना धास्ती मात्र वाढते, अशी ही उफराटी गंमत! गिरणीत ज्याने वाढत्या वेगाच्या यंत्रापुढे पाळी काढली आहे, त्याला ही गंमत समजावून सांगावी लागणार नाही.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. 1981 साली माल्कम एव्हान्स यांनी झेडएक्स 81 या स्वस्त संगणकासाठी 'थ्री-डी मॉन्स्टर मेझ' लिहिला. त्या यंत्राला रंग नाही, आवाज नाही. जादा स्मृती जोडल्यावर ती सोळा किलोबाइट, म्हणजे सोळा हजारांवर थोडी अक्षरे मावतील एवढीच. त्यात एक भुलभुलैया आणि एकच डायनोसॉर. तो बहुतेक वेळ दिसतच नाही. पडद्याच्या खाली अक्षरे तेवढी उमटतात की तो तुमच्या मागावर आहे, पावले जवळ येत आहेत. बस्स! बाकीचे काम खेळणाऱ्याचे मन करते.

हे समजायला आपल्याला विलायतेस जाण्याचे कारण नाही. आपल्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याने बस्तान बसवले आहे. त्याची मादी उसातच पिले घालते. उसाचा फड तोडायला उतरलेली कोयत्याची जोडी सरीत शिरते, तेव्हा दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस आणि समोर चार हातांपलीकडे काही दिसत नाही. पाचट सळसळले की हात थांबतो. पिंजऱ्यातला बिबट्या पाहायला पोरे गर्दी करतात. न दिसणारा बिबट्या मात्र अख्ख्या टोळीला खोळंबून ठेवतो. एव्हान्स यांच्या खेळाचे मर्म आपल्या ऊसतोड कामगाराला असे आयतेच ठाऊक आहे.

आणखी पुढे या. 1996 सालच्या 'रेसिडेंट एव्हिल'मध्ये एका खोलीतून दुसरीत जाताना अंधारात एक दार अगदी सावकाश उघडते आणि जीव टांगणीला लागतो. वस्तुतः तेवढ्या अवधीत यंत्र तबकडीवरून पुढच्या खोलीची माहिती उचलत असते. 1999 सालच्या 'सायलेंट हिल'मध्ये सारे गाव धुक्यात बुडालेले आहे, कारण दूरवरचे घरदार रेखाटण्याची त्या यंत्राची ताकद नव्हती. ती उणीव धुक्याने झाकली आणि लोक त्या धुक्यालाच भ्याले.

आमच्या सर्वांत आवडीचे उदाहरण मात्र 1989 सालच्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चे. जॉर्डन मेकनर यांच्याजवळ नवा शत्रू रेखाटायला यंत्रात जागाच उरली नव्हती. तेव्हा त्यांनी नायकाचेच चित्र थोडे फिरवून त्याची सावली केली. नायक आरशातून उडी मारतो आणि पलीकडून त्याची सावली निघून पळते. पुढे ती तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला मारलेला घाव आपल्यालाच लागतो! तलवार म्यान करून तिला सामोरे जावे, तेव्हा कुठे दोघे एक होतात आणि वाट मोकळी होते. मंडळी, कायम कामगार आणि कंत्राटी कामगार एकमेकांकडे डोळे वटारून पाहतात, तेव्हा हाच आरसा मध्ये असतो. एकाने दुसऱ्यावर केलेला वार फिरून स्वतःच्याच पगारावर पडतो. म्यान करण्याची अक्कल मात्र फार उशिरा येते.

आता प्रश्न असा की, पोरे या भीतीतून बाहेर कशी पडत? रामनामाने नव्हे आणि छाती फुगवूनही नव्हे. वहीच्या मागच्या पानावर नकाशे काढून. कोठे खिळे वर येतात, कोणते भूत किती पावलांवर वळते, हे एकाने मरून शिकायचे आणि बाकीच्यांना सांगायचे. भीतीमागचा नियम सापडला की भूत राहत नाही. उरतो तो हिशेब. आणि हिशेब चारचौघांत मांडला की लवकर सुटतो. संघटना म्हणजे तरी दुसरे काय?

परंतु येथेच खेळ आणि संसार यांत एक मोठा फरक पडतो, आणि तो सांगण्यासाठीच आम्ही आज उभे आहोत. खेळातले धुके नाइलाजाचे होते. कामाच्या जागचे धुके पुष्कळदा मुद्दाम सोडलेले असते. ऊसतोड कामगाराला काट्यावरचे वजन दिसत नाही, मुकादमाच्या वहीतली उचल किती फिटली ते कळत नाही. आणि म्हणून पुढच्या हंगामाला नाही म्हणण्याची त्याला छाती होत नाही. शहरात मोबाइलच्या हुकमावर घरोघरी जेवण पोचवणाऱ्या पोराचेही तेच. आज कामे कमी का आली, तारे कोणी कापले, खाते एकाएकी बंद का झाले, याचा नियम त्याला कोणी दाखवत नाही. मुकादमाशी निदान भांडता तरी येते. येथे समोर माणूसच नाही! खेळातला नियम निर्दय असेल, पण तो सर्वांना सारखा असतो, रोज बदलत नाही, आणि जीव नकोसा झाला तर बटण दाबून घरी जाता येते. पोटाच्या खेळाला ते बटण नाही.

म्हणून आमची मागणी पगाराइतकीच नियमाची आहे. यंत्र माणसाला काम देत असेल आणि काढून घेत असेल, तर ते कोणत्या नियमाने, हे कामगाराला त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे. ही काही आकाशातली मागणी नव्हे. युरोपीय संघाने 2024 साली अशा कामगारांसाठी निर्देश काढून तिकडच्या कंपन्यांवर ही जबाबदारी टाकली आहे. राजस्थानने 2023 साली या कामगारांच्या नोंदणीचा आणि कल्याणाचा कायदा केला. आपल्या वजनकाट्यापासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत हेच तत्त्व लागू झाले पाहिजे: ज्याचे पोट, त्याला हिशेब.

आणि पालकांना एक विनंती. घरातले पोर असल्या खेळापुढे बसून दचकत असेल, तर लगेच कान धरून उठवू नका. वेळेला मर्यादा घाला, ते तुमचे कर्तव्यच आहे. परंतु एकदा त्याच्या शेजारी बसा आणि विचारा की, हे भूत कशाने येते आणि कशाने जाते? ते जर नीट उत्तर देऊ लागले, तर समजा की भीतीकडे डोळे उघडे ठेवून पाहण्याचा पहिला धडा त्याने गिरवला. उद्या ते कोणत्या तरी फाटकातून आत जाईल, कोणत्या तरी कागदावर सही करील. त्या वेळी "नियम दाखवा" एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले, तर आमच्यासारख्यांचे निम्मे काम झालेले असेल.