कवच कोण फोडतो, भाव कोण ठरवतो?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



मागच्या बैठकीनंतर एका तरुण कार्यकर्त्याने रोपवाटिकेचे पत्रक माझ्या हातात ठेवले. 'मॅकॅडेमिया लावा, लखपती व्हा!' तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही शेतीचे पदवीधर. कापूस मोडून हे लावू का?" मी त्याला तिथेच नाही म्हटले. पण नाही का म्हटले, ते सगळ्यांसमोर सांगायला हवे. कारण या झाडाची कहाणी ऐकताना तुम्हाला आपल्या कापसाचीच आठवण येईल.

हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पावसाळी जंगलातले. तिथले आदिवासी हजारो वर्षे त्याची फळे दगडाने फोडून खात आले. 1850च्या दशकात गोऱ्या शास्त्रज्ञांनी त्याला जॉन मॅकॅडम या रसायनतज्ज्ञाचे नाव दिले. 1880च्या सुमारास त्याचे बी हवाई बेटांवर गेले. तिथे वाण निवडले गेले, कलमे झाली, कारखाने उभे राहिले. ऑस्ट्रेलियात मोठ्या बागा लागल्या त्या 1960नंतर, त्याही हवाईच्या वाणांवर.

खायला काय आहे ते सांगतो. शंभर ग्रॅम गरात सुमारे 75 ग्रॅम तेल आणि 700च्या वर उष्मांक. प्रथिने मात्र फक्त आठ ग्रॅम. आपल्या शेंगदाण्यात तेल 49 ग्रॅम आणि प्रथिने 25 ग्रॅम. म्हणजे पोराच्या अंगी लागावे म्हणून द्यायचे असेल तर शेंगदाणाच बरा. मॅकॅडेमियाचे तेल बरेचसे ऑलिव्हच्या तेलासारखे, हृदयाला चांगले मानले जाणारे. गर लोण्यासारखा मऊ. श्रीमंत देशांत तो भाजून, मीठ लावून खातात, चॉकलेटात आणि बिस्किटात घालतात. तेल कोशिंबिरीवर घेतात, तळायलाही वापरतात. एवढे तेल असल्यामुळे नीट वाळवला नाही तर गर लवकर खवट होतो. आणि कुत्र्याला घालू नका, त्याला ते बाधते.

आता शेती. या झाडाला वर्षभर विभागून पडणारा बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस हवा, हवा सौम्य हवी. मुळे उथळ, त्यामुळे झाड पाण्याचा ताण सोसत नाही आणि वादळात उन्मळते. आपला पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. कलमाला पहिली फळे चौथ्या-पाचव्या वर्षी, भरघोस पीक दहा वर्षांच्या पुढे. तोवर घर कशावर चालवायचे?

पिकलेले फळ आपोआप खाली पडते, ते वेचायचे. वरची हिरवी साल एक दिवसात काढावी लागते, नाहीतर ढीग तापतो. मग आठवडेच्या आठवडे वाळवण. शेवटी ते कवच! अडकित्त्याचे काम नाही, यंत्रच लागते. शंभर किलो कवचाच्या मालातून गर निघतो साधारण तेहतीस किलो. आकडा ओळखीचा वाटतो ना? कापसाच्या रुईचा उताराही तेवढाच. आणि आपल्यासारखेच, उत्पादकाच्या घरात फोडायचे यंत्र नसते.

हे दुखणे बघायचे तर केनियात बघा. तिथे माउंट केनियाच्या उतारावरचे छोटे शेतकरी कॉफीच्या जोडीने ही झाडे लावतात. चीनचे व्यापारी कवचासकट माल घ्यायला यायचे. देशातल्या कारखान्यांना माल कमी पडू नये म्हणून सरकारने 2009 साली कवचासकट निर्यातीवर बंदी घातली. हेतू सांगितला देशात रोजगार वाढवण्याचा. पण गिऱ्हाईक कमी झाले की भाव कोण ठरवणार? 2023 साली जगात माल तुंबला, तेव्हा शंभर शिलिंगांच्या वर विकलेला माल अनेकांनी पन्नासच्याही खाली दिला. अखेर त्याच वर्षी सरकारला एक वर्षापुरती बंदी उठवावी लागली.

आपल्याला हे नवीन आहे का? 1972 पासून जवळपास तीस वर्षे एकाधिकार खरेदीत आपला कापूस राज्याबाहेर नेणे गुन्हा होता. मार्च 2012 मध्ये दिल्लीने कापसाची निर्यात रोखली. गिरण्यांना रुई स्वस्त मिळावी म्हणून. कारखाना जगवायचा तर त्याचा खर्च सरकारने तिजोरीतून करावा, शेतकऱ्याच्या खिशातून नको.

पण खुल्या बाजाराचेही खोटे गोडवे मी गाणार नाही. ऑस्ट्रेलियात निर्यातबंदी नव्हती. तरी 2021 साली किलोला पाच डॉलरच्या वर असलेला भाव 2023 साली दोन डॉलरच्या आसपास आला. भाव तेजीत असताना दक्षिण आफ्रिकेत, चीनमध्ये, सगळीकडे झाडे लागली आणि काही वर्षांनी ती एकदम फळाला आली. कापूस पडला तर पुढच्या मृगाला आपण ज्वारी-तूर पेरतो. दहा वर्षे वाढवलेली बाग एका हंगामात बदलता येत नाही. त्यात दारातले गिऱ्हाईकही एकच असले, तर शेतकरी दोन्हीकडून अडकतो.

म्हणून उद्या कोणी मॅकॅडेमियाचे, चंदनाचे, कशाचेही पत्रक घेऊन आला, तर त्याला हाकलू नका, बसवा आणि चार गोष्टी विचारा. आमच्या पावसात हे जगते का, जगले असेल तर कुणाच्या शेतात ते दाखव. पहिला पैसा कितव्या वर्षी? माल फोडणारा, वाळवणारा कारखाना किती कोसांवर? आणि गिऱ्हाईक एकच आहे की चार? चारही उत्तरे मिळेपर्यंत एक रोपही घेऊ नका.

त्या तरुणाला मी एवढेच सांगितले. या वर्षी त्याने कापसात तूर पेरली आहे. पत्रक अजून माझ्या खिशात आहे. ज्याला वाचायचे आहे त्याने सभेनंतर मागून घ्यावे.